पाय मोडला तर एसीसी, झटका आला तर लेक

न्यूझीलंडमधल्या सँडरिंगहॅममध्ये रस्ता ओलांडताना कुणाला गाडीने उडवले, की पुण्या-नाशिकहून पहिला सल्ला येतो : "आधी वकील गाठ, भरपाई सोडू नकोस." पण न्यूझीलंडमध्ये शारीरिक इजेच्या भरपाईसाठी धडक देणाऱ्यावर दिवाणी दावा लावताच येत नाही. १ एप्रिल १९७४ पासून तो दरवाजा बंद आहे. चूक कुणाची हे न विचारता उपचाराचा भार एसीसी, म्हणजे तिथले सरकारी अपघात भरपाई महामंडळ, उचलते. उडवणारा मोकळा सुटतो असेही नाही, पोलीस खटला भरू शकतात. जखमीचे औषधपाणी मात्र त्या खटल्यावर अडून राहत नाही.

अडून राहणे म्हणजे काय, ते अमेरिकेतल्या भाचे-पुतण्यांना विचारा. तिथे जखमीला तडजोडीचे पैसे मिळाले, की अनेक राज्यांत रुग्णालय त्या पैशावर आधी आपला हक्क सांगते. मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, बिल भरले असेल तर तेही वसुलीला येते. वकिलाचा वाटा वेगळा, बऱ्याचदा एक तृतीयांश. मग रुग्णालयाने आपला आकडा कमी करावा म्हणून वकील महिनोन्‌महिने घासाघीस करतो. हाड ज्याचे मोडले, तो रांगेत शेवटी.

महाराष्ट्रात हा वाद वेगळ्या तोंडाने आला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपन्या म्हणत, मेडिक्लेमने रुग्णालयाचे बिल दिले ना, मग तेवढी रक्कम भरपाईतून कापा. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हे अमान्य केले. मेडिक्लेमची रक्कम वजा होणार नाही, कारण ती जखमीने स्वतः हप्ते भरून घेतलेल्या कराराची आहे. योग्यच झाले. दुसऱ्याने वर्षानुवर्षे भरलेल्या हप्त्यांची सूट धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीने का खावी?

न्यूझीलंडने हे भांडण मुळातच ठेवले नाही. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ मध्ये सांगितले, की अपघात हा सगळ्या समाजाच्या चालण्या-फिरण्याचा भाग आहे, तेव्हा भारही सगळ्यांनी उचलावा. पगारातून, मालकांकडून, पेट्रोलवरून आणि गाडीच्या नोंदणीतून पैसा गोळा होतो. कमावत्या माणसाला काम बंद पडल्यावर पहिल्या आठवड्यानंतर उत्पन्नाच्या ८० टक्के मिळतात. व्हिसावर पाहुणे आलेले आई-बाबा पडले, तरी तिथल्या उपचाराला एसीसी लागू होते.

नेमकी इथेच आपली माणसे फसतात. "एसीसी आहे ना" म्हणत प्रवास विमा टाळतात. अहो, एसीसी अपघाताचे आहे, आजाराचे नाही! बाथरूममध्ये घसरून खुबा मोडला तर एसीसी. त्याच बाथरूममध्ये हृदयविकाराचा झटका आला, तर पाहुण्याच्या रुग्णालयाचे बिल घरात येते आणि ते लेकाला किंवा लेकीला भरावे लागते. भारतात बुडालेल्या कमाईची भरपाई एसीसी देत नाही. खुब्यात पट्टी बसवून आई पुण्याला परतली, की पुढची फिजिओथेरपी साधारणपणे आपल्याच खिशातून.

अपघात आणि आजार यांच्यातली ही रेघ वुडहाउस यांनाही खुपत होती. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९८८ मध्ये योजना आजारांपर्यंत वाढवण्याची शिफारस केली. १९९० मध्ये सरकार बदलले आणि तो बेत बारगळला. म्हणून आजही एकाच गल्लीतले दोन शेजारी कायमचे घरी बसले, एक शिडीवरून पडून आणि दुसरा अर्धांगाने, तर पहिल्याला पगाराच्या ८० टक्के आणि दुसऱ्याला बायकोची कमाई तपासून मिळणारा तुटपुंजा भत्ता. हे मला अन्यायाचे वाटते. तरीही जखमीला वसुलीच्या रांगेत उभे न करणारी ही योजना अमेरिकेपेक्षा शतपटीने माणुसकीची आहे.

तेव्हा आई-बाबांचे तिकीट काढताना आजारपणाचा विमाही काढा, आणि जुना रक्तदाब-मधुमेह त्यात लपवू नका. कुणी पडलेच, तर डॉक्टरला पहिल्याच भेटीत "कसे, कुठे, कधी पडले" हे नीट सांगा, कारण एसीसीचा दावा तिथूनच नोंदला जातो. "गुडघा बरेच दिवस दुखतोय" एवढेच सांगितले, तर ते वयाची झीज ठरून नाकारले जाऊ शकते.