सिस्टिम बाउंडरी

शाश्वतरावांना चहा विचारला तर ते हो किंवा नाही म्हणत नाहीत. आधी किटलीत डोकावतात. "काका, दोन कपांना एवढं पाणी?" जास्तीचं पाणी ते कुंडीत ओततात. पाऊण तासाने दुसरा कप हवासा वाटतो आणि किटली पुन्हा चढते. ही दुसरी किटली हिशेबात धरत नाहीत.

शाश्वतराव हे नाव मी ठेवलेलं. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीयच सगळ्यांत जास्त, आणि त्यांतले एक-दोन शाश्वतराव दर सेमिस्टरला आमच्या स्टुटगार्टात उतरतातच. गाव सांगली, नगर किंवा अकोला. पदवी मेकॅनिकलची. व्हिसासाठी बँकेत अडकवायचे 11,904 युरो वडिलांची एफडी मोडून आणलेले. खरा डोळा गाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीवर. पण विषय निवडताना सीनियर सांगतात, 'लाइफ सायकल असेसमेंट घे, सहा क्रेडिट, पेपर सोपा.' वस्तू खाणीतून निघाल्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत तिने किती प्रदूषण केलं, ते मोजायचं शास्त्र. ऑक्टोबरात क्रेडिटसाठी घेतलेला हा विषय डिसेंबरपर्यंत अंगात भिनलेला असतो.

पहिलं लक्षण बाटल्यांत दिसतं. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या मशीनमध्ये घातली की 25 सेंट परत मिळतात, बिअरच्या काचेच्या बाटलीला आठच. एवढं तर कोर्स न करताही महिन्याभरात कळतं. पण ज्या काचेला पैसे नाहीत, तिच्यासाठी चौकात तीन टाक्या असतात: पांढरी, तपकिरी, हिरवी. हातात निळी बाटली असलेला नवखा तिथे घुटमळतो. मागून शाश्वतराव येतात आणि, भटजींनी मुहूर्त सांगावा तसं, सांगतात, "निळी हिरव्यात. आणि आज रविवार आहे, आज टाकायची नाही. आवाज होतो."

पुढचं प्रकरण कुकरचं. ग्रुप प्रोजेक्टला त्यांनी विषय घेतला: डाळ पातेल्यात शिजवावी की कुकरमध्ये. या शास्त्रात पहिल्यांदा ठरवावं लागतं ते 'फंक्शनल युनिट', म्हणजे तुलना नेमकी कशामागे करायची. पातेल्यातली अर्धीकच्ची डाळ आणि कुकरमधली मऊ डाळ एका तराजूत घालता येत नाहीत. ग्रुपमध्ये एक जर्मन मुलगी, एक ब्राझीलचा मुलगा आणि आपले राव. दोन बैठका भांडून अहवालात आलं: 'एक वाटी तूरडाळ, पळीने घोटता येईल इतकी शिजलेली.' हे वाक्य मी स्वतः वाचलं आहे, जर्मन भाषेत.

मग त्या मुलीने विचारलं, कुकर आला कुठून? आईने बॅगेत घालून दिलेला, अडीच किलोचा. मुंबई-फ्रँकफुर्ट साडेसहा हजार किलोमीटर विमानाने. कुकरच्या नावावर जवळपास अकरा किलो कार्बन डायऑक्साइड चढला. इथल्या विजेला युनिटमागे साधारण साडेतीनशे ग्रॅम धरले, तर कुकरने वाचवलेल्या विजेतून हे कर्ज फिटायला पाऊणशे वेळा डाळ शिजायला हवी. राव मानी. त्यांनी पुढचं अख्खं सेमिस्टर रोज वरण खाल्लं. त्यांच्याच घरात राहणारा तो ब्राझीलचा मुलगा शिट्ट्या मोजायला आणि तिसरीला गॅस, चुकलो, शेगडी बंद करायला शिकला.

"आणि तू ज्या विमानाने आलास, ते?" मी विचारलं.

"काका, ते सिस्टिम बाउंडरीच्या बाहेर."

कुकर बाउंडरीच्या आत आणि कुकर आणणारा बाहेर! हिशेब कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा, ते आधी लिहून ठेवायचं. मग पलीकडचं कोणी विचारू शकत नाही. आयएसओ 14040 मध्येच तशी सोय आहे. एखाद्या धर्मशास्त्राने इतकी सुटसुटीत पळवाट दिल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीला कागदी ताटं बंद करून स्टीलची आणायला लावली ती रावांनीच. साठ माणसं जेवली. ताटं घासायच्या वेळी राव दिसेनात. वापराचा टप्पा त्यांचा होता, धुण्याचा बाउंडरीबाहेर.

त्या विषयात त्यांना 1.3 मिळाले. सांगलीला फोन केला.

"कितीपैकी?" बाबा म्हणाले.

"पाचपैकी, पण पाच म्हणजे नापास. जितके कमी तितके चांगले."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असू दे. शेजारी विचारलं तर 'पास' सांगतो."

याच बाबांनी गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं, तेव्हा घरचाच इंजिनियर म्हणून रावांना विचारलं. तीन किलोवॉटला सरकारकडून 78,000 रुपये मिळणार होते. रावांनी सांगितलं, थांबा, आधी पॅनल बनवताना गेलेली ऊर्जा किती वर्षांत भरून येते ते काढतो. अडीच महिन्यांनी एक्सेलची फाइल आली. तोवर ओळखीच्या वायरमनने पॅनल लावून दिली होती आणि पहिलं बिलही आलं होतं, नुसत्या स्थिर आकाराचं.

राव डगमगले नाहीत. त्यांनी ते पॅनल प्रबंधाला घेतलं. रोज सकाळी बाबांना मेसेज: "कालचे युनिट?" बाबा पहिले आठ दिवस जिना चढून मीटर वाचत होते. पुढे गुडघा धरला. खालूनच "बारा" पाठवू लागले. जुलैत कृष्णेचं पाणी वाढत असताना, चार-चार दिवस ऊन न पाहिलेल्या सांगलीत रोज बारा युनिट. प्रोफेसरांनी आकड्यांच्या सातत्याबद्दल विचारलं, तर रावांनी दख्खनच्या हवामानावर दोन पानं लिहून दिली.

प्रबंधाला 1.0 मिळाले. याच्यावर इथे मार्क नाहीत. आनंदाने घरी फोन लावला.

"एक पूर्णांक शून्य?" बाबा हळहळले. "मागच्या वेळी तीन दशांश जास्त होते की रे."