भ्रूणाचा सीसीटीव्ही

बालाघाटहून गोंदियामार्गे नागपूरचं आयव्हीएफ केंद्र गाठलं, की दरपत्रक हातात पडतं. मूळ उपचार वेगळा, वरचं वेगळं, लग्नाच्या केटररसारखं. भ्रूणाच्या कवचाला लेझरने भोक, गर्भाशयात चिकटायला हायलुरोननचा ‘गोंद’, इन्क्युबेटरमध्ये सतत फोटो काढणारा कॅमेरा. नवरा पेन धरून घामाघूम. ‘नको’ म्हणावं, तर उद्या सासरेबुवा विचारणार, “तिथेही काटकसर केलीत का, जावईबापू?”

ब्रिटनच्या प्रजनन-उपचार नियामकाने अशा जोडसेवांना, उपयोगाचा पुरावा किती यावरून, रंग वाटले. त्यात हिरवा क्वचितच. आपल्याकडे रंग एकच, माहितीपत्रकाचा गुलाबी.

१९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी साध्या साधनांवर टेस्ट ट्यूब बेबी ‘दुर्गा’ जन्माला घातली, तर सरकारी समितीचा विश्वासच बसला नाही. आता विश्वास आधी, पावती नंतर.

खरी करामत दरपत्रकात नसतेच: ढळू न देता राखलेले ३७ अंश, गाळलेली हवा, उणे १९६ अंशांचा नायट्रोजन, आणि रविवारीही हजर असणारी भ्रूणतज्ज्ञ.

तूर्त भ्रूण नागपुरात ३७ अंशांवर निवांत आहे. आईबाप बालाघाटात, मे महिना, लाइट गेलेली, त्याच दरपत्रकाने वारा घेतायत.