बसायचं कुठे?

नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की सोफ्याच्या बाजूला किंवा खिडकीच्या कोपऱ्यात तिरप्या मांडलेल्या दोन खुर्च्या हमखास दिसतात. रंग सोफ्यापेक्षा वेगळा, बहुधा मोहरीचा पिवळा नाहीतर गडद हिरवा. पाय बारीक, खाली सोनेरी टोपणं. इंटिरिअरवाले त्यांना ॲक्सेंट चेअर म्हणतात. माझी तक्रार या खुर्च्यांबद्दल आहे. बाकीच्यांना ती क्षुल्लक वाटते, मला वाटत नाही. घरी आलेल्या माणसाला नीट बसता येत नसेल तर त्या हॉलवर केलेला खर्च वाया गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी उंचीचं बोलू. जेवणाच्या टेबलाशी असते ती खुर्ची जमिनीपासून साधारण 18 इंच उंच असते. त्या उंचीवर पाय जमिनीला टेकतात, गुडघे काटकोनात राहतात आणि उठताना फार जोर लावावा लागत नाही. या शोभेच्या खुर्च्यांपैकी कितीतरी 15 ते 16 इंचांच्या असतात. वर मऊ फोम. माणूस बसला की तो आणखी दोनेक इंच दबतो. गुडघे कमरेच्या वर जातात, आणि आसन खोल असल्यामुळे पाठ टेकायला मागे सरकलं की पाय जमिनीवरून सुटतात. त्यात हात नसतील तर उठण्यासाठी धरायला काहीच उरत नाही. साठीच्या पुढची, गुडघे दुखणारी माणसं प्रत्येक घरात येतात. तरी खुर्ची निवडताना त्यांचा विचार शेवटी होतो, किंवा होतच नाही.

दिवाळीच्या फराळाला माझ्या भावाच्या नव्या घरी आमची आत्या आली. पंचाहत्तरीच्या पुढची, पण ताठ. तिला मानाची म्हणून ती हिरवी खुर्ची दिली. ती खुर्चीकडे पाठ करून उभी राहिली आणि हात ठेवायला जागा शोधत तिने उजवीकडे चाचपलं, मग डावीकडे. हाताला काही लागेना. अर्धवट वाकून ती पुन्हा सरळ झाली आणि वहिनीला म्हणाली, "अगं, मला आपली ती बाल्कनीतली दे." बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरचे ओले पंचे काढून ती आत आणली. आत्या त्यावर सरळ बसली, दोन्ही हातांवर हात टेकले, चहा घेतला, तासभर गप्पा मारल्या. हिरव्या खुर्चीवर तिची पर्स आणि शाल होती. त्या प्लास्टिकच्या खुर्चीला किती पैसे पडले असतील आणि या हिरवीला किती, हा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही.

बसता आलं तरी चहाचा प्रश्न उरतोच. दोन खुर्च्यांच्या मध्ये फूटभर व्यासाचं एक गोल टेबल असतं. त्यावर कुंडी, सुगंधी मेणबत्ती आणि मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवलेली दोन जाड पुस्तकं. कपबशी कुठे ठेवायची? पाहुणा एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात चिवड्याची डिश घेऊन बसून राहतो. हल्ली या खुर्च्यांना बूक्ले नावाचं, बारीक वेटोळ्यांचं, दुधाळ पांढरं कापड लावतात. त्या वेटोळ्यांत चिवड्यातली हळद आणि तेल गेलं की ते निघत नाही. यजमानीणबाई सगळा वेळ त्या कापडाकडे बघत असतात आणि पाहुण्याला ते कळतं.

मांडणीची गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. दारातून फोटो छान यावा म्हणून खुर्च्यांची तोंडं दाराकडे केलेली असतात. सोफ्यावरच्या माणसाशी बोलायचं तर मान वळवून बसावं लागतं. समोरासमोर बसलेल्यांत आठ फुटांहून जास्त अंतर पडलं की आवाज चढवावा लागतो, हे कुणीही घरी करून बघावं. तरी लांबच्या कोपऱ्यात ती जोडी ठेवतात, कारण तो कोपरा 'रिकामा' दिसत होता.

आपले हॉल किती मोठे असतात? दहा फूट रुंदीचा हॉल धरा. सोफा तीन फूट खातो, टीव्हीचं युनिट सव्वा फूट. टीपॉय पावणेदोन फूट, सोफा आणि टीपॉय यांत गुडघे मावायला दीड फूट. उरले अडीच फूट, आणि एका माणसाला सहज जायला तेवढेच लागतात. म्हणजे रुंदीत खुर्चीला जागाच नाही. लांबीत ठेवावी तर तिथे डायनिंग टेबल आहे आणि बाल्कनीची वाट आहे. खुर्ची बाहेरून बाहेर तीस इंच भरते, दोन खुर्च्या आणि मधलं टेबल मिळून सहा फूट भिंत जाते. वाट अडते. त्यात या खुर्च्यांचे पाय बाहेर फाकलेले असतात. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाची करंगळी त्यावर आपटते.

या आकारांना मी वाईट म्हणत नाही. आर्ने याकॉबसेन यांनी 1958 साली अंड्याच्या आकाराची प्रसिद्ध खुर्ची कोपनहेगनच्या एका हॉटेलसाठी बनवली. त्या हॉटेलच्या मोठ्या लॉबीत माणसाला गर्दीपासून थोडा आडोसा मिळावा म्हणून तिला ते कवच होतं. कानांपर्यंत पंख असलेली उंच पाठीची खुर्ची सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झाली, कारण थंड वाऱ्याचा झोत अडवून शेकोटीची ऊब माणसापाशी राहावी. तिथे ती अगदी बरोबर आहे. पुण्यात एप्रिलमध्ये त्याच पंखांनी छताच्या पंख्याचा वारा अडतो, पाठ घामेजते, आणि तरीही हातावर एक लोकरी थ्रो घडी घालून ठेवलेला असतो.

उलट आपल्या हवेसाठी केलेल्या खुर्च्या आपल्याच देशात होत्या. चंडीगड शहर उभं राहत असताना 1950 च्या दशकात पिएर जेनरे यांनी तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. पाठीला वारा लागतो, हात आहेत, वजन सरळ जमिनीवर जातं. पुढे त्यातल्या कितीतरी भंगारात गेल्या आणि तिकडे परदेशातल्या लिलावांत त्याच लाखांच्या भावाने विकल्या गेल्या. आपल्या ओसरीवरची वेताची आरामखुर्चीही अशीच गेली. तिच्या रुंद हातावर पेला आणि वर्तमानपत्र दोन्ही मावायचं. वेत तुटला तर विणून देणारा माणूस मिळायचा. आजच्या खुर्चीचं कापड फाटलं की खुर्चीच टाकतात.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. दोन खुर्च्या मावत नसतील तर एकच घ्या, पण बसण्यासाठी घ्या. आसन सोफ्याच्या उंचीला जुळतं, 17-18 इंचांचं हवं, फोम घट्ट हवा आणि हात हवेतच. खोळ काढून धुता येईल अशी असावी. ती सोफ्याकडे थोडी वळवून मांडा, म्हणजे दोन माणसांची तोंडं सहज एकमेकांकडे येतील. पाठ भिंतीपासून चार बोटं सोडा. हाताजवळ कप ठेवायला मोकळी जागा ठेवा, आणि तिथली कुंडी खिडकीत न्या. चालण्याची वाट आधी आखा, मग खुर्ची. रंग कोणताही निवडा, माझी त्याला हरकत नाही.

आणि दुकानात जाताना घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला सोबत न्या. त्यांना खुर्चीत पाच मिनिटं बसवा. कुणाचा हात न धरता ते उठले, तरच पैसे द्या.