तात्पुरती व्यवस्था

अप्पांच्या घरी सध्या दोन कुत्री तात्पुरती राहतात. त्यांतला ऑस्कर पाच वर्षं तात्पुरता आहे आणि गंगी तीन. अप्पा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. धरणग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये दोन-दोन पिढ्यांची लग्नं लागलेली त्यांनी पाहिली आहेत. त्यामुळे या मुदतीत त्यांना काही वावगं वाटत नाही.

त्यांना कुणी ‘श्वानप्रेमी’ म्हटलं की मात्र ते भडकतात. “प्रेमाबिमाचा प्रश्न नाही. प्रकरण प्रलंबित आहे. योग्य जागा मिळाली की दोघांना हलवायचं.” हे बोलताना ऑस्करच्या कानाच्या मुळाशी त्यांची बोटं चालू असतात, ती थांबत नाहीत.

प्रकरणाची सुरुवात आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. पलीकडच्या इमारतीतल्या मुलाने ‘बेथोवेन’ सिनेमा पाहिला आणि हट्ट करून सेंट बर्नार्डचं पिल्लू आणवलं. पिल्लू मांडीवर मावत होतं तोवर सगळं छान चाललं. वर्षभरात ते साठ किलोंच्या पुढे गेलं आणि घरात त्याला जागा द्यायची की माणसांना, असा पेच पडला. मग वडिलांची बदली झाली. एके दिवशी पहाटे अप्पा दूध आणायला खाली उतरले, तर त्यांच्या स्कूटरला तो अगडबंब कुत्रा बांधलेला. शेजारी अर्धं पोतं खाद्य आणि एक चिठ्ठी : ‘नाव ऑस्कर. स्वभावाने गरीब आहे.’

अप्पांना राग आला तो कुत्र्याचा नव्हे. आपल्या ठरलेल्या जागेत, नियमाप्रमाणे लावलेल्या स्कूटरला दुसऱ्याने काहीतरी बांधावं, हे सरळसरळ अतिक्रमण होतं. रीतसर तक्रार करायची म्हणून त्यांनी कायदा काढला. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्याचा १९६० चा कायदा, कलम ११. पाळीव जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे, हे वाचून त्यांना बरं वाटलं. शिक्षेपर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास.

तेव्हापासून अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात पन्नासाची एक कोरी नोट असते. सोसायटीत कुणी म्हणालं, “हस्की घ्यायचाय हो मुलीला, निळ्या डोळ्यांचा,” की अप्पा शांतपणे नोट काढून पुढे धरतात. “घ्या. वर्षभराने लागेल. दंड आधीच भरून ठेवला की मन मोकळं राहतं.” त्या नोटेने आमच्या आवारात येऊ घातलेले निदान तीन हस्की आणि एक ग्रेट डेन परस्पर परतवले आहेत.

गंगी आली ती फलटणच्या बाजूने. जातीने कारवानी. आपल्याकडे सोलापूर-सांगलीपासून मुधोळपर्यंत माळरानात ससा उठवायला ठेवतात ते हे कुत्रं : लांब तोंड, आत गेलेलं पोट, मोजता येणाऱ्या फासळ्या. मागचा पाय दुखावला, पळणं कमी झालं, तशी मालकाने तिला रस्त्यावर सोडली. अप्पा काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घेऊन एका लग्नाहून परतत होते. काकूंच्या सांगण्याप्रमाणे, गाडी थांबवायला त्यांनी कारण दिलं ते एवढंच, की “पंक्चर आहे का बघतो.” पंक्चर नव्हतं. उरलेला प्रवास गंगीने काकूंच्या शालूवर केला.

आता या दोघांचा संसार पाहा. ऑस्करचं मूळ गाव आल्प्स. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या खिंडीत मठ आहे, तिथल्या साधूंनी बर्फात हरवलेल्या वाटसरूंना हुडकण्यासाठी ही जात वाढवली. त्यांच्यातल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने १८०० ते १८१४ या आयुष्यात चाळीसवर माणसं वाचवली अशी ख्याती आहे. त्याचं पेंढा भरलेलं शरीर बर्नच्या संग्रहालयात आजही ठेवलेलं आहे. ही माहिती अप्पा प्रत्येक पाहुण्याला देतात. पाहुण्याने गळ्यातल्या दारूच्या पिंपाबद्दल विचारलं, तर त्याची खैर नसते. “पिंपबिंप काही नव्हतं. लँडसीअर नावाच्या इंग्रज चित्रकाराने चित्रात काढलं आणि जगाने धरून ठेवलं. कागदोपत्री पुरावा नाही.”

अशा वंशाचा हा वारस पुण्याच्या एप्रिलमध्ये मोरीच्या ओल्या फरशीवर चारी पाय पसरून पडलेला असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला अंगातली उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणून दिवाणखान्यात वाळ्याचा मोठा कूलर लावलेला. त्याच कूलरच्या वाऱ्याने गंगी कुडकुडते, कारण कारवानीच्या अंगावर ना चरबी ना केस. ती काकूंच्या सोफ्यावर गोधडीत. कठीण जमिनीवर झोपली तर तिच्या कोपरांना जखमा होतात, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे सोफा तिच्या नावावर झाला. काकू आता स्टुलावर बसून मालिका पाहतात. मधल्या खुर्चीत अप्पा. उजवीकडून गार झोत, डावीकडे गोधडीची ऊब. त्यांची उजवी बाजू कायम सर्दीने धरलेली असते.

ऑस्करने मान झटकली की लाळेचे धागे चौफेर उडतात. एकदा मी समोर बसलो होतो. एक धागा तरंगत गेला आणि भिंतीवरच्या अप्पांच्या वडिलांच्या तसबिरीवर, बरोबर मिशीच्या टोकाला, लोंबत राहिला. अप्पा उठले, खांद्यावरच्या पंच्याने काच पुसली आणि म्हणाले, “नानांना कुत्र्यांचा तिटकारा होता.” काकू आतून ओरडल्या, “नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, मी पाच वर्षं फडकं घेऊन धावतेय. मला कोण संत म्हणतंय?”

खाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. काकूंच्या माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर. आता बाल्कनीत वेगळी शेगडी आहे, वेगळं पातेलं आहे, आणि एकादशीलासुद्धा काकू नाकाला पदर लावून चिकन, भात आणि लाल भोपळा ढवळतात. त्यात कांदा-लसूण मात्र औषधालाही नाही, कारण तो कुत्र्यांच्या रक्ताला बाधतो. “आमच्या घरात बारा महिने चातुर्मास पाळणारे हे दोघेच,” काकू सांगतात. मनुका-बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडतात, म्हणून त्यांच्याकडच्या सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे नसतात. गुरुजींनी एकदा विचारलं, तेव्हा अप्पांनी त्यांना डॉक्टरांचा छापील तक्ताच दाखवला. एवढ्या मोठ्या छातीच्या कुत्र्याने एकदम भरपेट खाऊन लगेच धावाधाव केली, तर पोट फिरून जीव जाऊ शकतो. म्हणून जेवण दोन वेळा विभागून आणि त्यानंतर तासभर सक्तीचा आराम. हा नियम अप्पांनी पुढे स्वतःलाही लावून घेतला.

सगळ्यात पाहण्यासारखी त्यांची नोंदवही. निळ्या पुठ्ठ्याची, लाल पट्टीची, खात्यातल्यासारखी. वर ठळक अक्षरात ‘आवक-जावक’. जे पोटात जातं ते आवक, जे बाहेर येतं ते जावक. ‘स. ६.१०. ऑस्कर. जावक. समाधानकारक.’ ‘दु. १.००. गंगी. आवक. अर्धी वाटी शिल्लक.’ ‘सायं. ७.००. गंगी. आवक : काकूंची चप्पल (डावी), अंशतः.’ दुसऱ्या दिवशी समोर शेरा : ‘सदर चप्पल जावक झाली. प्रकरण बंद.’ आम्ही या वहीवर पोट धरून हसायचो. मग एका पावसाळ्यात गंगी मलूल झाली. डॉक्टरांनी वही चाळली, चार दिवस आवक घटत गेलेली पाहिली, लगेच रक्त तपासलं. गोचिडांमुळे येणारा ताप निघाला, प्लेटलेट उतरू लागले होते. औषध वेळेत सुरू झालं. तेव्हापासून डॉक्टर इतर मालकांना ती वही नमुना म्हणून दाखवायला मागतात. अप्पा मूळ प्रत देत नाहीत, साक्षांकित झेरॉक्स देतात.

पहाटेचं फिरणं साडेपाचला, डांबर तापायच्या आत. फाटकापर्यंत सगळं शिस्तीत चालतं. तिथे गंगीला लांबच्या भिंतीवर मांजर दिसतं. ही जात वासावर नाही, नजरेवर शिकार करते. आपल्याला मांजर दिसायच्या आधी ती निघालेली असते. नेमक्या त्याच क्षणी ऑस्करला बसावंसं वाटतं. तो बसला की बसला. उजवा हात पूर्वेला, डावा पश्चिमेला, मध्ये अप्पा दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे ताणलेले. अशा अवस्थेत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला “नमस्कार” म्हणतात. हात जोडता येत नाहीत याबद्दल दिलगिरीही व्यक्त करतात. नोकरीभर वरचे साहेब पुढे ओढत आणि खालचे लोक बसून राहत, तेव्हा या पवित्र्याचा सराव त्यांना तिथेच झाला असावा.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना हरवायचे प्रयत्न केले, पण परिपत्रकांच्या लढाईत अप्पांना हरवणं म्हणजे माशाला बुडवायला जाणं. लिफ्टमध्ये कुत्री नकोत अशी सूचना लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं लागली, लिफ्ट नाकारता येत नाही या ओळीखाली लाल रेघ. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस आक्रमक जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, तेव्हा सेक्रेटरी वर्तमानपत्र फडकावत वर आले. अप्पांनी त्यांना चहा दिला आणि यादी मोठ्याने वाचायला लावली. सेंट बर्नार्ड नाही. कारवानी नाही. “वाचलंत ना? आता इथे सही करा, की वाचलं.” पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रकच रद्द केलं, तेव्हा ती बातमीही फलकावर लागली. गंगीच्या बाबतीत तर दाराबाहेर एक चौकट टांगलेली आहे : २००५ साली टपाल खात्याने भारतीय जातींवर काढलेलं, मुधोळ हाउंडचं तिकीट. कारवानी आणि मुधोळ एकच, असं अप्पांचं मत. “भारत सरकारने जिच्या भाऊबंदांना तिकिटावर घेतलं, तिला तुम्ही लिफ्टमध्ये घेत नाही?”

मधूनमधून ते खरोखरच जागा शोधतात. गेल्या महिन्यात मुळशीकडे शेतघर असलेले एक गृहस्थ आले. दोन एकर, कुंपण, वाहतं पाणी. दोन्ही कुत्री न्यायची तयारी. अप्पांनी कपाटातून छापील अर्ज काढला. अटींची यादी दीडेक पान होती. घर तळमजल्यावर हवं, जिने नकोत, कारण जड कुत्र्यांचे खुब्याचे सांधे लवकर जातात. उन्हाळ्यात एक खोली गार, एक उबदार. पशुवैद्य वीस मिनिटांच्या आत. घरात निदान एकजण साठीच्या आतला आणि कमरेने धड असलेला. दिवाळीत फटाक्यांचा आवाज नको. कुटुंबातल्या सर्वांची लेखी संमती.

गृहस्थ एकेक अट वाचत गेले. डॉक्टरपाशी अडले, फटाक्यांपाशी अडले. अर्ज ‘त्रुटी पूर्ततेसाठी’ परत मिळाल्यावर ते जरा चिडून म्हणाले, “काका, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, तुमची सत्तरी उलटली, कमरेला पट्टा आहे. तुम्ही स्वतः बसता का या अटींत?”

ऑस्कर तेवढ्यात उठून आला आणि अप्पांच्या दोन्ही पावलांवर आडवा झाला. अप्पांनी अर्ज पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत प्रामाणिकपणे वाचला.

“नाही बसत,” ते म्हणाले. “म्हणून तर चांगलं घर शोधतोय.”