जवळजवळ फुकट

दक्षिण कोरियात एकट्यालाच धाडलेल्या अमेरिकी सैनिकाच्या बायकोमुलांना लष्करी विमानाने जवळजवळ फुकट जाता येतं. अट किरकोळ. आधी सरकारी माल, मग कामावरची माणसं, आणि उरल्या जागांसाठी सहा वर्गांची उतरंड! ऐन नाताळात दोन दिवस बाकावर पोरं झोपवून बाई शेवटी खिशातून तिकीट काढते. (सरकारची बचत झाली, हे महत्त्वाचं.) पॅसिफिक ओलांडून प्योंगटेकच्या कॅम्प हम्फ्रीजला पोचावं, तर समोर बर्गर किंग आणि डॉलरचा व्यवहार. अमेरिकेचा परदेशातला सर्वांत मोठा तळ तो! नवरा कौतुकाने म्हणतो, "बघ, अगदी घरासारखं आहे ना?" आहेच की. फक्त घरच्यांना इथे राहायची मंजुरी तेवढी मिळालेली नाही.