उंबरठेकर

शुल्काचा टक्का सोडून त्याच्या किमान आणि कमाल मर्यादेवर डोळा ठेवणाऱ्या गृहस्थास उंबरठेकर म्हणावे. तो बहुधा निवृत्त असतो, खिशात घडी घातलेले दरपत्रक बाळगतो, आणि तो आत येताना दिसला की बँकेतली मंडळी संगणकात डोके खुपसतात.

त्याच्या शब्दकोशात वैरी एक, सोयरा एक. वैरी म्हणजे 'जे जास्त असेल ते'. क्रेडिट कार्डावर रोकड काढायला अडीच टक्के किंवा 500 रुपये, जे जास्त असेल ते, असा आकार अनेक ठिकाणी असतो. 2,000 काढणाऱ्याला तो 25 टक्के पडतो. अडीचचा दर खरा ठरतो तो 20,000 गाठल्यावर. सोयरा म्हणजे 'जे कमी असेल ते'. दलाली 0.03 टक्के किंवा 20 रुपये, जे कमी असेल ते, अशी असली की सौदा 66,667 रुपयांना पोचताच मीटर थांबतो. उंबरठेकराने जन्मात शेअर घेतलेला नाही, पण हा आकडा त्याला पाठ असतो.

त्याची पंढरी म्हणजे परकीय चलन. केंद्रीय जीएसटी नियम 32 मध्ये चलन बदलून देण्याच्या सेवेचे मूल्य काढायची एक रीत आहे: लाखापर्यंत 1 टक्का, पण किमान 250 रुपये, दहा लाखांपर्यंत 1,000 आणि लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का, त्यापुढे 5,500 आणि दहा लाखांवरच्या रकमेचा 0.1 टक्का, कमाल 60,000. या मूल्यावर 18 टक्के कर. म्हणजे 25,000 पर्यंत काहीही बदला, कर 45 रुपयेच. वरची मर्यादा 5 कोटी 55 लाखांना लागते. सिंगापूरला निघालेल्या मेहुण्याला तीही ऐकावी लागते.

चार नातेवाइकांनी सहा-सहा हजारांचे डॉलर वेगवेगळे घेतले तर कर 180 रुपये, एका पावतीवर 45. हे 135 रुपये वाचवायला उंबरठेकर तीन दिवस फोनाफोनी करतो, चौघांना जमवतो आणि चहा पाजतो.

परतताना रिक्षा. मुंबईत किमान भाड्यात दीड किलोमीटर मिळतात आणि त्याचे घर एका किलोमीटरवर. तो घरापुढे उतरत नाही. उरलेला अर्धा किलोमीटर वसूल करतो आणि चालत मागे येतो.