पाच वर्षांची हमी, तीही फुकट!

उबुंटू या मुक्तस्रोत संगणकप्रणालीची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी, एप्रिलात येते. २५ एप्रिल २०२४ ला आलेल्या २४.०४ ला पाच वर्षं सुरक्षेची डागडुजी मोफत. नोंदणी केली तर दहा वर्षं, आणि घरगुती वापराच्या पाच संगणकांपर्यंत तीही मोफत.

देवगाव फाट्यावर हे सांगून बघा. ‘फुकट? मग काहीतरी गोम असणार!’ बरोबरच आहे. जिथं डांबराची हमी पहिल्या पावसापर्यंत, तिथं पाच वर्षं म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो.

सातबारा, पीकविम्याचे अर्ज भरायच्या इथल्या दुकानांतून विंडोज ७ अजून नांदते आहे. मायक्रोसॉफ्टनं तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला काढला; दुकानदारानं ती तारीख फाट्यावर मारली. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ही प्रत अस्सल नाही’ अशी ओळ कायमची, सीपीयूवर दसऱ्याचं हळदकुंकू. चोरीचा माल चालतो, त्यात कुणाला गोम दिसत नाही. फुकट आणि वर कायदेशीर म्हटलं की मात्र संशय!

अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राची अडचण तेवढी खरी. त्याचं सॉफ्टवेअर बहुधा विंडोज गृहीत धरूनच लिहिलेलं असतं. मुक्तस्रोताची वाट अंगठ्यापाशी येऊन अडते. पण दुकानदाराचा प्रश्न वेगळाच.

‘यात कृतिदेव फॉन्ट चालतो का?’

चालतो.

‘मग सोयाबीन निघाल्यावर बघू.’